ऑफिसच्या वेळेत फोन नको

"काय गं ताई, आज फार काम होतं का?"

अण्णांचा हा प्रश्न रोज संध्याकाळी फोनवर ठरलेला. आणि "हो ना अण्णा, मान वर करायला फुरसत नव्हती," हे तिचं उत्तरही ठरलेलं.

घरातली थोरली, म्हणून सगळे तिला ताईच म्हणत, अगदी आईवडीलसुद्धा. अण्णांचं सगळं आयुष्य छापखान्यात मशीन चालवण्यात गेलं. मुलगी संगणकाच्या कंपनीत लागली तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं. ताईचं काम होतं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका हुडकून काढण्याचं. अण्णा मात्र ओळखीच्या प्रत्येकाला सांगत, "आमच्या ताईने पास केल्याशिवाय कंपनीत काही पुढे सरकत नाही!"

आणि खरी गोष्ट अशी होती, की ताईला नोकरीच नव्हती. मंदी आली, बाहेरच्या गिऱ्हाइकाने काम काढून घेतलं आणि एका दुपारी सगळ्या टीमला एकाच मीटिंगमध्ये निरोप मिळाला. घरी तिने सांगितलं, "माझी बदली झाली." मग बॅग भरून ती या नव्या शहरात आली. इथे कंपन्या जास्त, कुठेतरी चिकटू, एवढाच हिशेब.

खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पण मागे शेजारच्या मुलाची नोकरी गेली, तेव्हा अण्णाच जेवताना म्हणाले होते, "काहीतरी केलं असणार त्याने. उगाच कोण कुणाला काढतं?" ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं होतं. स्वतःवर पाळी आली तेव्हा तिला पहिल्यांदा तेच आठवलं.

नव्या शहरात तिने एका इमारतीच्या मागच्या बाजूला खोली घेतली. खिडकी उघडली की शेजारच्या भिंतीवरचे पाण्याचे पाइप दिसत. घरमालकीण चौकस बाई. दिवसभर खोलीत बसलं तर दहा प्रश्न विचारील, म्हणून ताई सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून बाहेर पडे आणि सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसे. तिथे तिच्यासारखे बरेच होते. लॅपटॉपमागे तोंड लपवून सगळे नोकऱ्याच शोधत होते.

मुलाखती होत. सगळं छान चाले आणि मग निरोप येई, "सध्या भरती थांबवली आहे." एकदा तिला प्रत्यक्ष बोलावलं. ती गेली तर अर्धा मजला अंधारात, खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, कॉफीच्या मशीनवर प्लास्टिक. मुलाखत घेणारे गृहस्थ भले होते. म्हणाले, "तुम्हीच हव्यात आम्हाला. पत्र येईल." पत्र काही आलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांचाच मेसेज आला, "मलाही काढलं. तुम्हाला कुठे नोकरी लागली, तर तिथे माझ्यासाठीही जागा बघा." ताईला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं.

एक दिवस दुपारीच अण्णांचा फोन आला. दोन दिवस अंग मोडल्यासारखं वाटतंय, कुठली गोळी घेऊ, असं विचारायला. वाचनालयात तेवढ्यात कुणीतरी मोठ्याने खोकलं, पहारेकरी "शांतता राखा!" म्हणून ओरडला.

"कुठे आहेस गं?" अण्णांनी विचारलं.

ताई दचकली. आता बिंग फुटणार! ती जरा करड्या आवाजात म्हणाली, "अण्णा, मीटिंग चालू आहे. ऑफिसच्या वेळेत फोन नका करू. इथे चालत नाही."

"चुकलंच माझं," अण्णा घाईघाईने म्हणाले. "काम कर तू, काम कर."

हे बोलणं समोर बसलेल्या एका गृहस्थांनी ऐकलं. पन्नाशी उलटलेले. कधीकाळी मोठ्या प्रोजेक्टचे मुख्य होते, आता तेही बेकार. वाचनालयातली सगळी मंडळी त्यांना काका म्हणत. ते तिला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले.

"घरी सांगितलं नाहीस ना?"

ताईने नकारार्थी मान हलवली. "झाकली मूठ सव्वा लाखाची, काका. नोकरी लागली की सगळं आपोआप खरं होईल."

"झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मूठ झाकूनच ठेवली तर त्या हाताने कुणाचा हात धरता येत नाही, पोरी."

"तुम्ही सांगितलंत घरी?"

"त्याच दिवशी. बायको दोन दिवस बोलली नाही, मग चहा घेऊन समोर बसली. मुलगा म्हणाला, बाबा, आता तुम्हाला माझं गणित घ्यायला वेळ मिळेल! अगं, नोकरी गेली म्हणजे आपण काय चोरी केली? वादळात छप्पर उडालं, तर माणूस ते शेजाऱ्यापासून लपवतो का?"

"पण माझे अण्णा..."

"तुझे अण्णा ओरडतील. ओरडू देत. ओरडणारा बाप जवळ असतो. ज्याला काही माहीतच नाही, तो बाप लांब पडतो."

ताईला पटलं. पण वळलं नाही. पुढची मुलाखत होऊ दे, मग सांगू, असं म्हणत तिने दिवस ढकलले.

आणि एका सोमवारी दुपारी आईचा फोन आला. आईने कधी दुपारी फोन केला नव्हता. तिला नीट बोलता येत नव्हतं. "ताई, अण्णा गेले गं..."

ती पोचली तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होती.

"सकाळपासून छातीत जड वाटतंय म्हणत होते. घाम येत होता. म्हटलं डॉक्टरकडे चला, तर म्हणाले, ताईला विचारू, ती सांगेल तसं करू. म्हटलं मग लावा फोन. तर म्हणाले, आज सोमवार, तिच्या मीटिंगा असतात. पोरीला बोलणी बसायची. संध्याकाळी करू. फोन हातात घेऊन बसले होते हो! हातात घेऊन बसले होते..."

त्या सोमवारी ताई काय करत होती? वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या पाहत होती. तिने 'आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा' म्हटलं असतं, तर अण्णा तसेच उठून दवाखान्यात पोचले असते. ते दुसऱ्या कुणाचं नाही, पण तिचं ऐकत.

दुसऱ्या दिवशी घर जरा रिकामं झाल्यावर ती स्वयंपाकघरात आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. मग फार हळू आवाजात म्हणाली,

"म्हणजे तू रिकामी होतीस?"

"हो आई."

"आणि ते वाट बघत बसले."

आईने ताईला जवळ घेतलं नाही की दोष दिला नाही. उठून ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली. त्या पाठीकडे बघणं ताईला कुठल्याही शिव्यांपेक्षा जड गेलं.

संध्याकाळी मामा, शेजारीपाजारी बसले होते. मामांनी सहज विचारलं, "कंपनीने किती दिवसांची रजा दिली गं?"

ताईच्या ओठांवर सवयीने खोटं आलं. तिने ते गिळलं.

"मामा, मला नोकरी नाही. कधीची गेली आहे. मी सगळ्यांशी खोटं बोलले. अण्णांशीसुद्धा!"

एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. मामा खाली मान घालून चटईचा धागा ओढत राहिले. मग हळूच म्हणाले,

"आमचा चिरंजीवही घरीच आहे. घरून काम करतो, असं आम्हीच सांगतो सगळ्यांना. महिनोन्‌महिने खोलीबाहेर येत नाही तो. मीच बजावलंय त्याला, कुणाला कळता कामा नये म्हणून."

"मग आज घरी जाऊन त्याला बाहेर बोलवा, मामा!" ताई रडत म्हणाली. "ओरडा, भांडा, पण त्याच्याशी बोला!"

तेव्हा आई उठली, ताईजवळ येऊन बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अण्णाही चुकलेच," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ज्याची नोकरी गेली त्याला नावं ठेवायचे. मीही ठेवायची. म्हणून तर पोर घाबरली."

पुढे ताईला काम मिळालं. एका रुग्णालयाच्या नोंदींच्या प्रोग्राममध्ये चुका शोधायचं, पूर्वीपेक्षा लहान हुद्द्याचं. तिचं नाव तिथे काकांनी सुचवलं होतं. आईला सांगितलं तेव्हा आई "बरं झालं" म्हणाली. ज्यांनी ही बातमी गल्लीभर सांगितली असती, ते आता नव्हते.

मित्रहो, मंदी आपल्या हातात नाही. कुणाला कधी घरी बसावं लागेल, सांगता येत नाही. पण अशा माणसाला घरात मान ताठ ठेवून वावरता यावं, एवढं तरी आपल्या हातात आहे ना? त्याला "काय केलंस?" असं विचारू नका, "कसा आहेस?" असं विचारा. आणि तुम्हीच त्या जागी असाल, तर आजच आपल्या माणसाजवळ बसून खरं सांगून टाका. गेलेलं काम आज ना उद्या परत मिळतं. खोट्यापायी दुरावलेलं माणूस मिळेलच, असं नाही.