खिरापत ओळखल्याशिवाय

निशिकांतने चपला दाराबाहेर नीट जोडून काढल्या, तेव्हाच मी ओळखले की हा काहीतरी मागायला आला आहे. तो परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आणि तांजोंग पगार भागातल्या एका बँकेतला बडा अधिकारी.

"काकू, रविवारचा भोंडला यंदा आपल्यापुरताच ठेवू या. ताहिराबाईंच्या मुली नकोत. उरीला एवढे जवान गेले. लोकांच्या भावना आहेत."

ताहिरा कुरेशी कराचीच्या निवृत्त शिक्षिका. बिशान भागात आमच्या समोरच्या इमारतीत मुलाकडे राहतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी मुलींचा रविवारचा वर्ग सुरू केला. एक तास मी देवनागरी शिकवते, एक तास त्या उर्दू शिकवतात. महिन्यातून एकदा आमची एक मुलगी त्यांच्यातल्या एकीच्या घरी दिवसभर राहते, त्यांची आमच्याकडे, आणि जे पाहिले ते वहीत लिहून आणते. यंदा त्यांच्या मुली भोंडल्याला यायच्या आणि खिरापत ताहिराबाईंची नात झोया आणणार, हे ऑगस्टमध्येच ठरले होते. दहा वर्षांची ती पोर तेव्हापासून दिवस मोजत होती.

"भावना मलाही आहेत," मी म्हणाले. "झोयाने उरीला काय केलं, तेवढं सांग."

"प्रश्न तिचा नाही, काकू. आपले अर्धे लोक नोकरीच्या परवान्यावर, एम्प्लॉयमेंट पासवर आहेत. उगाच कशात नाव यायला नको."

"नाव माझंच येईल. इमारतींमधल्या पॅव्हिलियनची परवानगी माझ्या नावावर आहे आणि मी इथली नागरिक आहे. चहा घेतोस?"

त्याने चहा घेतला नाही. "मग मंडळातलं कोणी येणार नाही."

"पाट माझा, पाटावरचा हत्ती माझा. मंडळाने फक्त टाळ्या आणायच्या होत्या."

तो गेल्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, "आई, एक वर्ष नाही केलं तर काय बिघडेल?"

"मेधा, यंदा नाही केलं तर पुढच्या वर्षी कोणत्या तोंडाने बोलावू? सगळं सुरळीत असताना शेजारधर्म कोणीही पाळतं."

रविवारी पाच वाजता ताहिराबाईंच्या नऊही मुली आल्या. आमच्या बारापैकी फक्त माझी नात क्षिप्रा आली, तीही घरातलीच. मी पाट मांडला, हत्तीला झेंडूची माळ घातली आणि फेर धरायला सांगितले. गाणी त्या मुलींना तोंडपाठ होती. तीन वर्षे मी काही गवत उपटले नव्हते. समोरच्या कॉरिडॉरमध्ये आमच्या बायका बांबूवरचे कपडे काढण्याच्या निमित्ताने उभ्या होत्या. कपडे फार सावकाश निघत होते.

गाणी संपली आणि झोयाने डबा पुढे केला. खिरापत ओळखल्याशिवाय झाकण उघडायचे नाही. ओळखणाऱ्या मी आणि क्षिप्रा, दोघीच.

"गोड की तिखट?"

"गोड." तिने डबा हलवला. खडखड आवाज आला.

मी कराचीचा विचार केला. "सोहन हलवा?"

"नाही, आजी."

"रेवड्या? शीरमाल?"

ताहिराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. शीरमाल म्हणजे मऊ रोटी; ती कशाला वाजेल?

"बकलावा," क्षिप्रा म्हणाली. तेही नाही. "आजी, गिव्ह अप, लाह," ती इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली.

"हरले म्हणायची पद्धत आपल्या घरात नाही."

इतक्यात तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "गजक असेल." बोलणारी लगेच चादरीआड झाली. दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी "खारका" म्हणाले. खिरापतीचा डबा वाजल्यावर गप्प राहील अशी मराठी बाई अजून जन्मायची आहे.

तेवढ्यात निशिकांतची बायको साधना मुलीचे मनगट घट्ट धरून एमआरटी स्टेशनकडून आली. घरोघरी फोन करून सगळ्यांना थोपवले ते हिनेच. तिची गार्गी माझ्या वर्गातली. ती जागीच थांबली.

"झोया, परत वाजव ना."

"गार्गी, चल," साधना म्हणाली.

झोयाने डबा वाजवला.

"शंकरपाळ्या," गार्गी म्हणाली. "आजी, हिच्या घरी राहायला गेले होते तेव्हा खाल्ल्या होत्या. मी वहीत लिहिलं होतं. तुम्ही दहापैकी नऊ दिले होते."

झोयाने झाकण उघडले. शंकरपाळ्याच होत्या. "आम्ही यांना शकरपारे म्हणतो," ताहिराबाई उर्दूत म्हणाल्या. वर्षानुवर्षे दिवाळीला मी परातभर तळते. ती वही मी स्वतः तपासली होती. आणि तरी मी सातासमुद्रापलीकडची नावे धुंडाळत बसले होते. मी मुलींसमोर कान पकडला आणि म्हणाले, "हरले."

मग साधनाकडे वळले. "ओळखेल तिला पहिला घास. पद्धत आहे. खाऊ दे तिला, मग ने."

साधनाने मुलीचे मनगट सोडले.

वरून कोणी उतरले नाही. एकटी मेधा आली, ताटल्या घेऊन. तिने त्या मुलींपुरत्या अकरा नव्हे, वीस आणल्या होत्या.

सोमवारी मंडळाचा मेसेज आला: महिला विभागाच्या प्रमुखपदावरून आपणांस मुक्त करण्यात येत आहे. मी मेसेजला मेसेजने उत्तर देत नाही. कागद घेतला आणि निशिकांतला लिहिले:

"पद काढून घेतलेत, कळले. वर्ग पुढच्या रविवारी चार वाजता, नेहमीच्या जागी. गार्गीला वही घेऊन पाठवावे. नवाचे दहा करायचे आहेत."