गाळाला मागणी घातली तेव्हा

मित्रांनो, मला भेटायला याल तर वाऱ्याची दिशा पाहून या. मी गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले एक जुने निळे पिंप आहे.

तरुणपणी माझ्या पोटात पाम तेल असे. मग अकोन्यांग गावच्या मेकोंगो गवंड्याने मला आणले. "आता तू गावाची सेवा करायची," तो म्हणाला. मी हरखले. त्याने माझ्यात बारा घरांच्या न्हाण्यांचे आणि संडासांचे पाणी सोडले.

कारण तसेच होते. हे पाणी थेट ओढ्यात जाऊन मासे संपले होते. कोरड्या दिवसांत बायकांनी ओढ्याला मातीचा बांध घालायचा, पाणी उपसायचे आणि चिखलातले मांगूर हाताने धरायचे, ही इथली रीत. सहा वर्षे बांध घातला गेला नव्हता. "मी मरायच्या आत ओढा एकदा उपसायचाय," अबोमो आजी म्हणे, "नाहीतर या सुनांना मासा कुठून धरायचा ते कोण सांगणार? त्यांना शेपटी आणि डोकं कळत नाही."

माझे काम सोपे. घाण तळाशी बसते, तिथले जिवाणू ती खातात. वरचे पाणी खडीच्या चरात जाते, तिथली कर्दळ उरलेले पिऊन लाल फुलते. पाहुणे फोटो तिचेच काढत. माझे झाकण कोणी उघडले नाही, ते बरेच.

ओढा निवळला, आणि गावात एक मोठे मयत झाले. जेवणासाठी तीस घमेली कसावा भिजला. तुमच्याकडे ज्याचा साबुदाणा होतो तोच हा कंद. त्याचे आंबट, कडू, विषारी पाणी कोणीतरी माझ्यात ओतले. माझे सारे जिवाणू एका दुपारीत गेले. म्हणजे मयते दोन झाली, जेवण एकाचेच.

मी सडले. ओढा पुन्हा घाण मारू लागला. बांध घालायला तीन महिने उरले होते.

विरजण लावावे तसा शेजारच्या गावच्या पिंपातला जिवंत गाळ हवा, असे मेकोंगोने सांगितले. आजी आणि मेकोंगो मागायला गेले, तर तिथला मुखिया झोगो ऐटीत बसला. "लेकीसारखा वाढवलाय आम्ही गाळ. असा कसा देणार? बोकड आणा, कापड आणा, चारचौघांत मागणी घाला."

"मुखिया, नवरी घाण मारतेय," आजी म्हणाली.

"सासरी गेली की सुधारेल."

बोकड गेला, कापड गेले. दोन बादल्या डोक्यावर घेऊन बायका गात जंगलवाटेने आल्या. माहेरच्या बायका रीतीप्रमाणे रडल्या. काहींना वासानेही मदत केली. मग नवरीला नवऱ्यात ओतले. नवरा मी.

दहा आठवड्यांत पाणी स्वच्छ झाले. बांध घातला गेला. बायकांनी सकाळभर पाणी उपसले, तेव्हा आधी निघाली एक चप्पल. आजीने काठाखालच्या बिळात खांद्यापर्यंत हात घातला आणि हातभर लांब मांगूर बाहेर काढला.

"हात असा घालायचा. काटा इथं असतो," ती सुनांना म्हणाली. "आता तुम्ही."

दुपारपर्यंत टोपल्या कमी पडल्या. पहिली टोपली झोगोच्या गावी गेली, नवरीच्या माहेरी.

मित्रांनो, कसाव्याचे पाणी आता वेगळ्या खड्ड्यात जाते. तुमच्याही मोरीपलीकडे कुठेतरी कोणी मुकाट जेवत बसलेले असते. काही ओतण्याआधी त्याला ते पचेल का, एवढा विचार करत जा.