विजेशिवाय चालणारी पेटी

विजेशिवाय इन्सुलिन थंड ठेवणारी पेटी बनवायची म्हणून तिनं नोकरी सोडली, तेव्हा धाकट्या दिरानं आपणहून हात पुढे केला. "वहिनी, तू बनव, मी विकतो."

बाहेरून पैसा घ्यायचा नाही, हे तिघांनी मिळून ठरवलं. नवऱ्याच्या पगारावर घर चालायचं, तिच्या साठवणीवर पेट्या. जेवणाच्या टेबलावर फोमचे तुकडे, न्हाणीघरात भिजत घातलेली मातीची अस्तरं. गाडी विकली, मुलीला घेऊन सुट्टीत बाहेर जाणं बंद झालं. "यंदा थंड हवा फक्त इन्सुलिनच्या नशिबात," नवरा म्हणायचा, आणि तीही हसायची.

बऱ्याच पेट्या फसल्यावर एक पेटी दिवसभर उन्हात थंड राहिली. ती घेऊन दीर मोठ्या कंपन्यांकडे खेपा घालू लागला. हळूहळू त्याचं घरी येणं कमी झालं. विचारलं की म्हणायचा, "बघतायत ते. जरा धीर धर."

एका दुपारी ओळखीच्या औषधवाल्याचा फोन आला. "ताई, अभिनंदन. पेटी कंपनीला दिलीत ना? तुमचे दीरच त्यांच्यातर्फे नमुना ठेवून गेले."

ती तशीच दुकानात गेली. कवच नवं, निळं होतं. आतलं अस्तर तिचंच होतं. कोपऱ्यात तिच्या हातून झालेली चूकसुद्धा त्यांनी जशीच्या तशी उचलली होती.

नमुना घरी आणून तिनं टेबलावर ठेवला. नवरा चहा पीत होता. त्यानं पेटीकडे पाहिलंच नाही. तिथंच तिला कळलं.

"तुला माहीत होतं."

"त्याला चांगली नोकरी मिळत होती," तो म्हणाला. "आणि वाटलं, हे एकदाचं हातातून गेलं की तूही सुटशील. थकलो गं मी."

"मग तसं सांगायचंस."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस?"

"नसते थांबले. पण मी एकटी आहे, हे तरी कळलं असतं."

कंपनीशी भांडायला वकील परवडणारा नव्हता. औषधवाल्यानं दुकानामागची खोली वापरायला दिली. तिथं तिनं पुन्हा मांडामांड केली. आता घरोघरी फिरणाऱ्या नर्सबायका तिच्याकडून पेट्या नेतात. पोट भरण्यापुरतं सुटतं.

संध्याकाळी नवरा तिला न्यायला येतो. वाटेत दोघं मुलीच्या शाळेचं बोलतात, भाजी घेतात. "नवीन काय करतेयस?" तो कधीतरी विचारतो.

"चाललंय," ती म्हणते, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेते.