एक वीत

गेल्या दिवाळीपासून डॉक्टर श्रीनिवास गुमास्ते पेशंटला ‘काही होत नाही’ म्हणाले, की त्यांचं टेबल एक वीत लांब व्हायचं. हे वाक्य बार्शीत सगळ्यांच्या ओळखीचं होतं, त्यामुळे संक्रांतीपर्यंत टेबल रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलच्या पायरीला जाऊन टेकलं. पेशंट तिथे बसून खोकत. स्टेथोस्कोपच्या आणि बीपी मशीनच्या नळ्याही तेवढ्याच वाढत, आणि गोळ्या कंपाउंडर सायकलवरून पोचवायचा, म्हणून कामाचा खोळंबा नव्हता. नाडीला हात लावायची सोय तेवढी राहिली नव्हती. उठून पलीकडे जावं, हे डॉक्टरांना सुचलं नाही. पेशंटच्या बाजूला डॉक्टर कधी बसतो का?

मग संघटनेचं पत्र आलं. फॅमिली डॉक्टरांसाठी एक दिवसाचा वर्ग, विषय आध्यात्मिक शुश्रूषा, आपापलं टेबल आणावं.

डॉक्टरांना वाटलं होतं, उदबत्ती लावतील, एखादे महाराज येतील. पण शिकवायला आल्या नलिनी चांदेकर, निवृत्त मेट्रन, पायात कॅनव्हासचे बूट. हॉलमध्ये बावीस डॉक्टर होते आणि त्यांची बावीस टेबलं खिडक्यांतून मैदानात गेली होती.

“टेबल लहान कसं करायचं?” गुमास्त्यांनी विचारलं.

“लहान होत नाही. चालत जायचं.”

“आणि तिथे गेल्यावर काय म्हणायचं?”

“काही नाही. मनात काय आहे ते विचारायचं, हात धरायचा आणि ऐकायचं.”

मागच्या रांगेतल्या एका डॉक्टरांनी हात वर केला. “दिवसातून किती वेळा?”

सगळ्यांनी वह्या उघडल्या.

दुपारी प्रात्यक्षिक होतं. गुमास्त्यांच्या टेबलाच्या त्या टोकाला, मैदानातल्या लिंबाखाली सुभद्राबाई कासार बसल्या होत्या. अर्ध्या बार्शीच्या हातात त्यांनी बांगड्या भरल्या होत्या, डॉक्टरांच्या बायकोच्या आणि लेकीच्यासुद्धा. त्यांच्या लिव्हरमध्ये गाठ होती, आणि डॉक्टर त्यांना चार महिने ‘काही होत नाही’ म्हणत आले होते. दंडाला बीपीचा पट्टा आणि त्याखाली स्टेथोस्कोपची चकती आधीच बांधलेली होती.

“पाचच्या आत पोचा,” नलिनीताई म्हणाल्या. “पाचनंतर त्या नसतील.”

डॉक्टरांनी चपला काढल्या, स्टेथोस्कोप कानात घातला आणि टेबलावर चढून चालू लागले. नळीतून ठोके येत होते आणि ठोक्यांच्या मधून सुभद्राबाई बोलत होत्या.

“हातात हात घेतल्याबिगर म्या कुणाला बांगडी भरली न्हाई, डाक्टर. लांबनं भरता येत न्हाई ती.”

डॉक्टर खिडकीतून बाहेर पडले. ऊन होतं. टेबलावर त्यांनीच लिहिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या पडल्या होत्या, त्या ओलांडत ते चालले. मागून घड्याळाचा पावणेपाचचा टोला ऐकू आला.

“लोकांची बोटं दाबून दाबून माझी बोटं वाकली. माझा हात मातर मालक गेल्यापासनं मोकळा. बावीस वर्सं. वर जाताना बी असाच मोकळा न्यायचा का ओ?”

हा प्रश्न त्यांनी चार महिन्यांत एकदाही विचारला नव्हता, की आपण विचारू दिला नव्हता? डॉक्टरांना भडभडून आलं. पळावंसं वाटलं आणि ते पळालेही, त्या वयात, टेबलावरून, अनवाणी.

पाचाला पाच मिनिटं कमी असताना ते पोचले आणि गुडघ्यांवर बसले. सुभद्राबाई चेहऱ्याने पार पिवळ्या झाल्या होत्या, पण डोळे हसरे होते. त्यांनी हात पुढे केला. बांगडी भरून घेताना बायका करतात तशी चारी बोटं जुळवलेली, अंगठा आत दुमडलेला.

“आलात व्हय?” त्या म्हणाल्या. “मला लई भ्या वाटतंय, डाक्टर.”

डॉक्टरांचा त्यांच्यावर जीव होता. सुभद्राबाईंना काही होऊ नये असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

“काही होत नाही, सुभद्राबाई,” ते म्हणाले.

लाकूड करकरलं. डॉक्टरांची बोटं आणि सुभद्राबाईंची बोटं यांच्यामध्ये एक वीत पडली.

डॉक्टरांनी तोंडावर हात दाबला आणि ते गुडघ्यांवरच पुढे सरकले. सुभद्राबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

“खरंच?” त्यांनी विचारलं. आवाज लहान मुलीचा होता.

डॉक्टरांचा हात तोंडावरून खाली आला.

“खरंच,” ते म्हणाले. “काही होत नाही.”

तो मोकळा हात, अंगठा तसाच आत दुमडलेला, आणखी एक वीत लांब गेला, आणि कानातल्या नळीत ठोके इतके सावकाश झाले, की डॉक्टर सवयीने ते मोजू लागले.