आल्तारावरचा आर्किमिडीज

मी पुस्तक बोलतंय. हसू नका असं म्हणणार नाही. हसावं म्हणूनच मला छापलं होतं. 'आर्किमिडीज रेडीच्या बंदरात' हे माझं नाव. माझ्यात हा ग्रीक म्हातारा आंघोळीच्या टबात बसून दोन हजार वर्षं ओलांडतो, रेडीला लागतो आणि लोखंडाचं जहाज पाण्यावर का तरंगतं ते एका चिडक्या कुर्लीला, म्हणजे खेकड्याच्या मादीला, समजावतो. कुर्लीला शेवटपर्यंत पटत नाही.

वेंगुर्ल्याच्या रिशेलला मी आठव्या वाढदिवसाला मिळालं. ती मला जेवताना वाचायची, म्हणून जहाजाच्या चित्रावर सोलकढीचा डाग आहे. मग ती मोठी झाली आणि मी पेटीत गेलं. तिथे वाळवीने माझ्या मुखपृष्ठाचा खालचा भाग खाल्ला. नाव गेलं, टब गेला, कुर्ली गेली. उरला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, एक बोट वर केलेला, आणि डोक्यामागे पिवळाधमक सूर्य.

यंदा रिशेलचं लग्न झालं नि मालवणजवळच्या सासरी तिच्या कपड्यांबरोबर मीही आलं. सासू तेरेझाला जवळचं दिसत नाही, पण चष्मा म्हातारी माणसं लावतात असं तिचं मत. पेटी लावताना तिने मला उचललं, हात लांब करून पाहिलं आणि ओठांना लावलं.

"सुनेन आपलो सां वांगडा हाडल्यान," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

सोबत आणलाय तो संत नव्हे, गोष्टीचं पुस्तक आहे, हे सांगायला रिशेलने तोंड उघडलं. पण घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. तिने ते मिटलं. तिचा नवरा क्लेटन कपाटाआड हसून आला नि म्हणाला, "गप रव. मांय कधी नाय ती कोणाचा कौतुक करता हा."

असं मी आल्तारावर, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यावर चढलं, सायबिणीच्या, मेरीमातेच्या मूर्तीशेजारी. समोर मेणबत्ती, बाजूला अबोलीची फुलं. शेजारची सेलिना पाण्याचा पंप चालू व्हावा म्हणून माझ्यापुढे गुडघे टेकून गेली. संध्याकाळी पंप चालू झाला. दुपारभर वीजच नव्हती, हे कोणी लक्षात घेतलं नाही. माझं नाव वाडीभर झालं.

मला मात्र कोणी उघडेना. पुस्तकाला फुलं वाहिली की वाचायचं राहून जातं.

मग तेरेझाने लादीन ठेवली. म्हणजे शेजारीपाजारी बोलवायचे, आल्तारासमोर एकेका संताचं नाव घेत प्रार्थना गायची आणि नंतर उकडलेले चणे वाटायचे. गायला चर्चमधल्या गाणाऱ्यांचा म्होरक्या प्लासिद मेस्त. त्याला सगळे संत तोंडपाठ. तो माझ्यापाशी अडला.

"तेरेझाबाय, ह्यो सां खयचो? नाव घेऊक होया."

तेरेझाने सुनेकडे पाहिलं. "सांग गो."

घर माणसांनी भरलेलं. खरं सांगावं तर सासूचं वाडीसमोर हसं, खोटं सांगावं तर कुठल्या बिचाऱ्या संताला मध्ये ओढायचं? रिशेलचे कान लाल झाले.

"आर्किमिडीज," ती पुटपुटली.

माहीत नाही म्हणणं मेस्ताच्या स्वभावात नव्हतं. "आसा, आसा. खूप जुनो सां," तो म्हणाला आणि सूर लावला. "सां आर्किमिडीज..."

"आमच्या खातीर विनंती कर," अख्खं घर गायलं. क्लेटन चणे आणायला आत पळाला, तो लवकर बाहेर आलाच नाही.

पुढे लोक या नव्या संताचे चमत्कार विचारू लागले. सांगायला काहीतरी हवं, म्हणून तेरेझाने शेवटी चष्मा केला आणि मला उघडलं. उघडलं नेमकं ते पान, जिथे आर्किमिडीज टबातून उठून तसाच बंदरावर धावत सुटतो.

"रिशेल, हेच्या आंगार कपडे नाय."

"तेका एक गजाल कळली, मांय. पाण्यात बसला काय पाणी वर कित्या येता, ती."

"कपडे घालून कळूची नाय?"

रिशेलने मान खाली घातली. "मांय, तो सां नाय. माका तेवाच सांगूक होया होता."

"ता माका आता दिसता हा." तेरेझाने चष्मा वर सरकवला. पान उलटलं. "ही कुर्ली काय म्हणता?"

मला तिने आल्तारावरून उतरवलं नाही. वाडीला काय सांगणार? पण रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणून झाला की ती मला उघडते आणि सुनेला मोठ्याने वाचायला लावते. घरात कमी बोलणारी रिशेल कुर्लीचा आवाज फार छान काढते. तेरेझा कुर्लीच्या बाजूने आहे.

धावणाऱ्या आर्किमिडीजला तिने क्रोशाची चड्डी विणून चिकटवली आहे. त्यामुळे मी नीट मिटत नाही. त्याबद्दल तक्रार नाही, मला मिटायचंच नव्हतं. मागणं एवढंच, मेणबत्ती जरा लांब ठेवा. वाडीसाठी मी संत असेन, पण आहे मी कागदाचंच.