गायरानातलं स्मारक

माणूस मेला की त्याचे वैरी आधी धावतात, हे आमच्या भागात नवं नाही. पण ते माइक घेऊन येतात, ते मला आजही सहन होत नाही.

बद्रीनाथअण्णा २००३ च्या हिवाळ्यात गेले. अण्णा म्हणजे लाल बावट्याचे आमदार. निवडून आले एकदाच, पंच्याऐंशी साली, पण गाव शेवटपर्यंत त्यांना आमदारच म्हणायचं. केदारखेड्याच्या वरच्या अंगाला, नदीकाठी सरण रचलं होतं. तिरडीवर लाल झेंडा पांघरलेला. मी, कारभारी, जन्मभर तोच झेंडा खांद्यावर घेऊन अण्णांच्या मागं चाललेला, शेजारी उभा. आणि सरणापुढं कर्णा लावून एक मास्तर बक्षीस समारंभ असल्यासारखा एकेकाचं नाव पुकारत होता.

आमच्याकडे अग्नी द्यायच्या आधी श्रद्धांजलीची भाषणं होतात. मढं उन्हात, पुढारी सावलीत.

पहिले उठले सर्जेराव, जिल्हा परिषदेचे जुने सदस्य. म्हणाले, "अण्णा साधे होते. आमदार असून यष्टीनं फिरायचे."

खरंय. यष्टीत आमदारासाठी एक बाक राखीव असतो, पण त्यावर बसलेला आमदार कंडक्टरनं जन्मात पाहिला नव्हता. भोकरदनच्या गाडीत त्यानं अण्णांना उठवलं. "ओ, वर लिव्हलेलं दिसत न्हाई का?" अण्णांनी पास दाखवला तेव्हा बिचाऱ्याला घाम फुटला. पुढच्या निवडणुकीत अण्णांसमोर काकासाहेब उभे राहिले, तेव्हा हेच सर्जेराव गावोगाव सांगत फिरले, "ज्याला सोत्ताची गाडी जमली न्हाई, तो तुमाला काय देणार?" लोकांनी ऐकलं. मोर्चाला अण्णा, मताला काकासाहेब. ज्यांच्या रेशनकार्डासाठी अण्णांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, त्यांनीच त्यांची अनामत घालवली. आज तेही डोळे पुसत होते. मला एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

मग उठले काकासाहेब, तेव्हापासूनचे आमदार आणि चार शाळांचे मालक.

"माझा थोरला भाऊ गेला," म्हणाले, आणि रुमाल काढला.

भाऊ म्हणे! गावाबाहेर गायरान आहे, सरकारी मालकीचं. एक्क्याऐंशी साली अण्णांनी भूमिहीन बायकांना सोबत घेऊन त्यातले धोंडे वेचले आणि नांगर घातला. लाठ्या खाल्ल्या, जेलात गेले. त्याच बायकांनी पायी प्रचार करून त्यांना आमदार केलं आणि अण्णांनी विधानसभेत पाच वर्षं एकच घोषा लावला, जमीन कसणारणीच्या नावावर करा. आश्वासनं पोतंभर मिळाली, सातबारा मिळाला नाही. पुढं जमिनीला लागून डांबरी रस्ता झाला, तसा काकासाहेबांचा तिच्यावर डोळा गेला. त्यांना तिथं कॉलेज बांधायचं होतं. त्यांच्या माणसांनी उभ्या ज्वारीत जनावरं सोडली. अण्णा आडवे गेले तर काठी घालून त्यांचा पाय मोडला. तेव्हापासून अण्णा मरेपर्यंत लंगडले. हे यांचं भाऊपण.

काकासाहेबांनी आवाज चढवला. "अण्णांचा जीव त्या गायरानात होता. म्हणून सरणासमोर शब्द देतो, त्याच गायरानावर अण्णांचं भव्य स्मारक होईल! अण्णांच्या नावाचं कॉलेज होईल! आणि आपल्या गजाननला तिथं नोकरी देऊ!"

गजानन अण्णांचा मुलगा. शिकलेला आणि बिनकामाचा. विस्तवाचं मडकं हातात धरून तो उभा होता. त्यानं आईकडं पाहिलं.

"मन लई मोठं बरं काकासाहेबाचं," माझ्यामागं कुणीतरी म्हणालं.

माझं डोकं भणाणलं. जिवंत अण्णांकडून जी जमीन हिसकता आली नाही, ती हा माणूस मेलेल्या अण्णांच्या नावावर गिळणार होता. अण्णांच्या स्मारकाला नाही म्हणायची कुणाची छाती? गायरानातली सोनूबाई मटकन खाली बसली. तिची ज्वारी ऐन रस्त्यालगत उभी होती. मी माइककडं धावलो तर मास्तर म्हणतो, "नाव दिलंय का?"

तेवढ्यात तुळजाबाई पुढं आल्या. आमच्याकडे बाया सरणापाशी येत नाहीत. अण्णांची बायको मात्र घरापासून तिरडीमागं चालत आल्ती, आणि त्यांच्यामागं गायरानातल्या बायका. त्यांनी माइकला हात लावला नाही. सरळ काकासाहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"स्मारक गायरानातच करायचं ना?"

"व्हय वहिनी. शब्द दिला."

"समद्यांनी ऐकलं?"

समद्यांनी ऐकलं होतं. कर्ण्यानं नदीपल्याडसुद्धा ऐकवलं होतं.

"मंग कारभारी भावजी, उचला तिरडी. त्यांना तिथंच जाळू. आजच करू स्मारक."

एकदम गलका झाला. सर्जेराव ओरडले, "तिरडी मागं फिरवत नसतेत, बाई!"

"मागं कोण फिरवून राह्यलं? गायरान पुढं हाय, नदीच्या वरच्या वाटंला."

काकासाहेब हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "वहिनी, दुःखात माणूस काहीही बोलतो. नोकरीचं तरी—"

"आई, चल," गजानन म्हणाला, आणि मडकं घेऊन पहिला तोच निघाला. त्या क्षणी मला त्या पोराचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

बायकांनी सरणाची लाकडं डोक्यावर घेतली. गोवऱ्या पदरात. घोषणा कुणी दिली नाही, पण मला पक्कं ठाऊक होतं, हा अण्णांचा मोर्चा होता. काकासाहेबांना यावंच लागलं. भावाच्या स्मारकाला भाऊ कसा टाळणार?

सोनूबाईनं स्वतःच्या हातानं निसवलेली ज्वारी उपटली, खाटेपेक्षा थोडी मोठी जागा केली. अण्णांनी सांभाळलेलं पीक ती उपटत होती आणि मोठ्यानं रडत होती. तिथंच सरण पुन्हा रचलं. गजाननानं अग्नी दिला. धूर डांबरी रस्त्यावर पसरला आणि काकासाहेब रुमालानं नाक दाबून गाडीकडं वळले.

"थांबा," तुळजाबाई म्हणाल्या. "त्यांना इथून उठवायला तुमी लई झटलात, काकासाहेब. पाय मोडून पाह्यला. आता उठवा बरं!"