सलून आणि तोफूवाल्याच्या मधलं दुकान

भोचकपणा हा माझा जुना दुर्गुण. माझा नवरा निहार म्हणतो, संशोधनाच्या नावाखाली तुला त्याचा आता पगारही मिळतो. खोटं नाही. सेंदाईच्या विद्यापीठात मी पोस्टडॉक करत होते आणि २०१४च्या त्या शनिवारी त्सुनामीत वाहून गेलेल्या एका गावचा रस्ता बघायला निघाले होते. रस्ता पुठ्ठ्याचा. विद्यार्थ्यांनी गावाचं पांढरं मॉडेल केलं होतं. गावकरी आठवून सांगतील तसं एकेक घर, एकेक दुकान रंगवायचं आणि वर नावाची झेंडी लावायची. आज शेवटची बैठक होती. जे आठवणार नाही, ते पांढरंच राहणार होतं.

बसमध्ये शेजारी मिहो-सान भेटल्या. पन्नाशीच्या, तोक्योहून आलेल्या. मी सवयीप्रमाणे विचारत सुटले. त्यांच्या आईचा त्याच रस्त्यावर बार होता, सहा स्टुलं आणि एक कराओकेचं मशीन एवढाच. बार गेला, आईही गेली, फोटोसुद्धा उरला नाही. लहानपणी त्यांना त्या बारची लाज वाटायची. अठराव्या वर्षी गाव सोडलं ते परत फिरकल्याच नाहीत.

"मग आज तुम्हीच सांगा ना, बार कुठे होता ते," मी म्हटलं.

"मी सांगून काय उपयोग? गावाला आठवतोय का, ते बघायचंय." आपण कोण हे कुणाला सांगू नका, असंही त्यांनी मला बजावलं.

तात्पुरत्या घरांच्या वसाहतीतल्या छोट्या हॉलमध्ये पंधरा-वीस म्हातारे नवराबायको मॉडेलभोवती जमले होते. पुढारीपण ओनोदेरा-सानकडे. रस्त्यावरचं सलून त्यांचंच. सलून लागलं, तोफूवाला लागला. सायकल दुरुस्तीवाल्याचं छप्पर हिरवं की करडं, यावर वीस मिनिटं हुज्जत झाली. चपलांच्या दुकानातलं मांजर कुठल्या खिडकीत बसायचं तेही निघालं. फक्त सलून आणि तोफूवाल्याच्या मधला एक डबा पांढराच राहिला.

इथे काय होतं, मी विचारलं. एकजण म्हणाला, गोदाम असेल. दुसऱ्याच्या मते रिकामीच जागा. ज्यांची भिंत त्याला लागून होती ते ओनोदेरा-सान म्हणाले, वय झालं, काही आठवत नाही. बाप्यांची अडचण मला कळत होती, शेजारी बायका बसल्या होत्या. पण बायका का गप्प होत्या? एरवी अशा वेळी टोमणा मारायची संधी कोण सोडतं? ते काही केल्या उलगडेना.

मिहो-सान उठून दारापाशी कोट घालायला लागल्या. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला.

"छपराचा रंग आठवतो आणि शेजारचं अख्खं दुकान आठवत नाही?" मी म्हटलं. जपानमध्ये असं तोंडावर बोलत नाहीत.

ओनोदेरा-सानच्या बायकोने ब्रश उचलून जांभळ्या रंगात बुडवला. "दार या रंगाचं होतं."

"तुला काय माहीत?" नवऱ्याने विचारलं.

"दर मंगळवारी दुपारी बार बंद असायचा, तेव्हा मालकीण आम्हाला उघडून द्यायची. गायला. वीस वर्षं जात होतो आम्ही."

"मंगळवारी तर तुमचा पुष्परचनेचा क्लास असायचा."

"घरी कधी फुलं आणलेली पाहिलीत?"

बाकीच्या बायका मान खाली घालून हसत होत्या. मिहो-सानचा हात कोटाच्या बाहीत तसाच अडकला होता. "मालकीणबाई स्वतः गायच्या का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"बेसूर," ओनोदेरा-सानच्या तोंडून निघून गेलं. "पण माइक काही सोडायची नाही."

समोरच्या दोन म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, आणि मग आपल्या बायकांकडे पाहिलं.

मिहो-सान कोट काढून परत आल्या आणि सगळ्यांच्या मधोमध बसल्या. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"ती माझी आई," त्या म्हणाल्या. "अजून सांगा."